तीन चुलींची सून

इतवारीतली हवेली गेल्या उन्हाळ्यात पाडली. मी मुद्दाम पाहायला गेले नव्हते, कुकरचं रबर घ्यायला भांड्यांच्या बाजारात, भांडी ओळीत गेले होते. रस्त्यात गर्दी दिसली, हातगाड्या अडकलेल्या, टेम्पोवाले शिव्या देत होते, म्हणून मान वर केली. हवेलीची पुढची भिंत पूर्ण उतरवली होती आणि आतलं घर रस्त्याच्या समोर उघडं पडलं होतं. तळमजल्याच्या खोल्या हिरव्या, पहिल्या मजल्याच्या गुलाबी, दुसऱ्या मजल्याच्या फिकट निळ्या. डाव्या कोपऱ्यात एकावर एक तीन स्वयंपाकघरं, प्रत्येकाच्या भिंतीवर चुलीमागचा काळा डाग. रस्त्यावरच्या कोणालाही एका नजरेत तिन्ही दिसत होती. मला तिथेच रडू आलं. बाजूचा दुकानदार म्हणाला, "काकू, सावलीत या, ऊन लागन." मी सावलीत गेले.

जुन्या घराबद्दल लिहायचं म्हटलं की लोक आधी त्याच्या भिंतींना तडे पाडून घेतात. या हवेलीला तडा नव्हता. दुकानदार सांगत होता की ती पाडताना मशीनचे दात दोनदा बदलावे लागले. दगडी दर्शनी भाग, रंगीत काचांच्या खिडक्या, मधोमध चौक, आणि संगमरवरी जिना, ज्याचा पितळी कठडा दर शनिवारी चिंचेनं घासला जायचा. घर कापडाच्या ठोक व्यापाऱ्यांचं. मारवाडातून कधी तरी आलेले आणि नागपुरात इतके मुरलेले की त्यांच्या घरातली म्हातारी माणसंसुद्धा भाजीवाल्याशी आमच्यासारखीच भांडायची.

आम्ही हवेलीच्या मागच्या गल्लीत राहायचो. माझी आई शिवणकाम करायची. हवेलीतल्या बायकांची मापं पुरुष शिंप्यानं घेणं शक्यच नव्हतं, म्हणून आईला थेट वरपर्यंत मुभा होती. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. हवेलीला ते ठाऊक होतं. आईनं त्यांच्या सुनांच्या दंडाला, पाठीला हात लावलेला चालायचा, चहाचा कप मात्र वेगळा, मागच्या खिडकीत उपडा घातलेला. आई त्या कपातून कधी प्यायली नाही. "मी चहा सोडला हाये," असं ती हसून सांगायची आणि घरी येऊन दोन कप प्यायची. मला राग यायचा. ती म्हणायची, "त्यांच्या कपात काय पाहतं, आपल्या हाताकडे पाह्य."

आईला अक्षरओळख नव्हती. घरात टेप होता, पण त्यावरचे आकडे तिच्या कामाचे नव्हते. ती कापडाच्या काठाची बोटभर रुंद पट्टी फाडायची आणि तिच्यावर गाठी मारायची. एका टोकापासून पहिली गाठ बाहीची, दुसरी उंचीची, तिसरी कमरेची, चौथी छातीची. हवेलीतल्या प्रत्येक बाईची एक पट्टी. माप बदललं तर जुनी गाठ सोडायची नाही, शेजारी नवी मारायची. आमच्या घरात खिळ्यावर पंधरा-वीस पट्ट्या लटकलेल्या असायच्या, आणि कोणती कोणाची हे तिला रंगावरून कळायचं. कोण बाळंतपणानंतर रुंदावली, कोण आजारपणातून उठली, सगळं त्या खिळ्यावर. पण आईचा एक नियम होता, आणि तो तिनं मला काज करायला शिकवतानाच सांगितला होता: बाईच्या अंगाचं बाहेर बोलायचं नाही. हवेलीत या खोलीतलं त्या खोलीतही नाही. शिवणारीनं तोंड उघडलं की तिचा धंदा बसला.

मी तेव्हा वीस वर्षांची होते. सकाळी कॉलेज, दुपारी हूक, काज आणि तुरपाई. त्याच वर्षी हवेलीत धाकटी सून आली. तीही वीस वर्षांची. माहेर अमरावतीकडच्या एका गावातलं, तेही मारवाडीच. पण गावात शेजारच्या पोरींबरोबर वाढलेली, त्यामुळे बोलायला लागली की पक्की वऱ्हाडी. हवेलीत ती हळू आवाजात मारवाडी बोलायची. आम्ही माप घ्यायला गेलो आणि दार लागलं की तिची जीभ सुटायची. "मावशी, गळा जरा मोठा घेजो वं, इथं लय गरम होते." आईला मावशी म्हणणारी हवेलीतली ती पहिलीच. मी तिला भाभी म्हणायचे. ती मला कॉलेजचं विचारत राहायची: बाक कसे असतात, मुलं कुठं बसतात, सर खरंच इंग्रजीत बोलतात का. मी तिखटमीठ लावून सांगायचे. एकदा ती इतकी हसली की टाचण्या तोंडात धरलेल्या आईनं तिच्या पाठीवर चापट मारली. मला ती फार आवडायची. सरळच सांगते, माझ्या सगळ्या मैत्रिणींपेक्षा जास्त.

हवेलीत तीन चुली होत्या. तळमजल्यावर दादीसा, म्हणजे भाभीच्या नवऱ्याची आजी. पहिल्या मजल्यावर सासू. दुसऱ्या मजल्यावर काकीसा, म्हणजे चुलत सासू. कुटुंब एकच, धंदा एकच, पण स्वयंपाकघरं तीन, कारण एका चुलीवर एवढ्या माणसांचं निघत नसे. सगळ्यात धाकट्या सुनेनं तिन्हीकडे हात लावायचा अशी रीत होती. सकाळी खाली, दुपारी मधे, संध्याकाळी वर. सुना सगळ्यांच्या मागून जेवायच्या, हीसुद्धा रीत होती. वाईट कोणी नव्हतं, हे मी आवर्जून सांगते. तिघीही तिला मायेनं हाक मारायच्या. ती खाली असली की काकीसा वरून विचारायची, जेवलीस का गं, आणि ती म्हणायची, हो, खाली जेवले. वर असली की म्हणायची, मधे जेवले. आणि घर एवढं मोठं की कोणी जिना उतरून खात्री करायला जात नसे.

लग्नाच्या वेळी आईनं तिची पट्टी केली, पिवळ्या काठाची. दिवाळीला गेलो तेव्हा छातीची गाठ बोटभर आत आली. आई म्हणाली, नवी नवरी आहे, माहेरची आठवण येत असेल. संक्रांतीला आणखी एक बोट. घरी येऊन आईनं पट्टी खिळ्याला न लावता बराच वेळ मांडीवर धरली.

होळी झाली आणि गणगौरीचे कपडे शिवायला आले. चैत्रात त्यांच्याकडे गणगौर बसते. त्या दिवशी हवेलीतल्या सगळ्या बायका नवे कपडे घालून चौकात जमायच्या, गौरीपुढे कलश डोक्यावर घेऊन फेर धरायच्या. पुरुषांना त्या वेळी चौकात यायची बंदी. वर्षातून तो एकच दिवस असा की तिन्ही मजले एका जागी यायचे.

भाभीसाठी केशरी रेशमाचं कापड होतं. आईनं पट्टी तिच्या छातीभोवती धरली आणि थांबली. लग्नाच्या गाठीपासून नवी गाठ चार बोटं आत येत होती. ओढणीखाली काही दिसत नव्हतं, पण ओढणी बाजूला झाली की गळ्याखालची हाडं मोजून घ्यावीत. आईनं टाचण्यांची डबी खाली ठेवली.

"काय खातं तू?" तिनं विचारलं.

"खाते ना मावशी."

"मले काहून फसवून राहिली? माझ्या हातात पट्टी हाये."

तेव्हा भाभीनं सांगितलं. लग्नाला वर्ष होत आलं होतं आणि दिवस गेले नव्हते. दादीसांनी तिला सोमवार धरायला सांगितला. सासूनं गुरुवार. काकीसानं शुक्रवार. तिच्या आईनं माहेरून पत्र पाठवून मंगळवार. उरलेल्यातला शनिवार तिनं स्वतःच धरला. प्रत्येकीनं एकेकच वार दिला होता, आणि प्रत्येकीनं जीव लावून दिला होता. कोणीच कोणाला विचारलं नव्हतं. हवेलीतला उपास म्हणजे खरं तर साबुदाणा, तळलेले बटाटे, मलईची बर्फी; आमच्या घरी सणालाही एवढं होत नसे. पण भाभी नुसत्या चहावर करायची. लवकर फळ मिळावं म्हणून. बुधवार आणि रविवार, हे दोन दिवस ती जेवायची, आणि तेही सगळ्यांच्या मागून, उरलेलं.

"हे थांबव," आई म्हणाली.

भाभीनं आईचा हात धरला. "नाही मावशी. मी एका बाबाजीले विचारलं हाये. गणगौरीनंतर दोन महिने निघाले की होईन म्हणे. तू कोणाले सांगजो नको. माझी शपथ हाये तुले. ब्लाऊज अंगाबरोबर घट्ट शिव, आतून कापूस भर, म्हणजे कोणाले दिसणार नाही." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. ती समजावत होती आम्हाला, लहान मुलांना समजावतात तसं.

आईनं शब्द दिला. "नाही सांगत," म्हणाली. मी तिथेच उभी होते.

गल्लीत पोचेपर्यंत मी दम धरला आणि मग आईशी भांडले. आत्ताच्या आत्ता जाऊन म्हातारीला सांग, म्हटलं. पोरगी मरेल. आई म्हणाली, शब्द दिला आहे. मी म्हटलं, शब्दाला काय चाटायचं आहे? तेव्हा आईनं खरं कारण काढलं. "आपल्या घरी उपास नाही. तुझ्या आजोबानं बंद केला तो बंद. आता मी जाऊन त्यायले सांगू का, तुमचे उपास सोडा? म्हणतीन, हिले आपला देव खुपते. एक शब्द ऐकणार नाहीत. आन् त्या पोरीचं मागचं दार बंद होऊन जाईन, मापासाठीबी कोणी आत घेणार नाही."

ती बरोबर बोलत होती, याचाच मला राग आला. मी जेवले नाही त्या दिवशी. आई म्हणाली, "आता तू नको सुरू करू." तरी मी जेवले नाही.

आई ते केशरी कापड पुढे घेऊन दोन दिवस बसून राहिली. तिसऱ्या दिवशी कात्री घेतली. मी समोर काज करत होते. तिनं पिवळी पट्टी कापडावर टाकली, खडूनं खूण केली, आणि मी पाहिलं की खूण लग्नाच्या गाठीवर केली आहे.

"आई, जुन्या गाठीवर धरलं तू."

"माहीत हाये."

"चुकलं ना."

"गप बस वं," आई म्हणाली आणि कापड कापलं. रेशीम एकदा कापलं की कापलं. माझ्या डोक्यात उजेड पडायला अजून तासभर गेला. मग मी उठून तिला चहा करून दिला.

आईनं आयुष्यात कधी काम उशिरा दिलं नव्हतं. ते ब्लाऊज तिनं गणगौरीच्या दिवशी, ऐन वेळेला नेऊन दिलं. मी बरोबर होते. भाभीनं घाईघाईनं अंगात घातलं आणि आमच्याकडे पाहिलं. बाह्या कोपरापाशी लोंबत होत्या, खांदा खांद्यावर बसत नव्हता. "मावशी, हे काय केलं? आत घे ना, दोन टाके घाल." खालून हाका येत होत्या. आई म्हणाली, "आता वेळ नाही बाई, तुले बोलावून राहिले." तिच्या हातात सुई-दोरा होता. दोन टाके घालायला कितीसा वेळ लागतो? भाभीनं स्वतःच दोन्ही खांद्यांना टाचण्या लावल्या, वरून ओढणी घेतली आणि जिना उतरली.

आम्ही चौकाच्या कडेला, शिवणारीनं उभं राहायचं त्या जागेवर उभ्या राहिलो. फेर सुरू झाला. धाकट्या सुनेची पाळी आली. तिनं कलश उचलला, डोक्यावर ठेवायला दोन्ही हात वर केले, आणि टाचण्या सुटल्या. ओढणी मागे गेली. ब्लाऊज एका खांद्यावरून घसरून दंडावर आलं. हात वरच, कलश धरलेला, त्यामुळे तिला ते सावरताही येईना. तिन्ही मजल्यांच्या बायकांनी तिला पाहिलं. गाणं थांबलं.

सासूला आधी लाज वाटली आणि लाजेचा राग झाला, तो आईवर निघाला. "हे काय शिवलं? एवढं भारी रेशीम नासवून टाकलं. डोळे गेले का तुझे?" काकीसाही बोलली. इतक्या वर्षांत आईला हवेलीत कोणी असं बोललं नव्हतं. आईनं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग कमरेची पिशवी उघडली आणि पिवळी पट्टी काढून दादीसांच्या समोर धरली.

"माप लग्नातलंच हाये, बाई. पाहून घ्या. शिवण चुकली असन तर मी रेशीम भरून देतो."

दादीसांनी पट्टी हातात घेतली. ऐंशीच्या पुढची बाई, पण नजर बाजारात बसणाऱ्या पुरुषासारखी. तिनं स्वतः उठून ती पट्टी सुनेच्या छातीभोवती गुंडाळली. लग्नाची गाठ पाठीकडून फिरून पुढे आली आणि चार बोटं पुढे निघून गेली. दादीसांनी पट्टी सोडली नाही. ती तशीच धरून त्यांनी विचारलं, "बेटा, उपास कितने करती है?"

भाभीनं ओढणी गळ्यापर्यंत ओढून घेतली. दादीसा म्हणाल्या, सोमवार तर मीच सांगितला आहे. सासू पुटपुटली, गुरुवार माझा. काकीसा म्हणाली, शुक्रवार. मग तिघी एकमेकींकडे पाहू लागल्या. मी ती तोंडं कधी विसरणार नाही. कोणी खुनी पकडला गेला की कसा दिसेल ते मला माहीत नाही. या तिघी नुसत्या घाबरलेल्या, हातून काय झालं ते उमगलेल्या बायका होत्या. काकीसा जिन्याच्या पायरीवरच बसली. "तू तो बोलती थी नीचे खाया," एवढंच म्हणत राहिली.

दादीसांनी तिथेच, गौरीपुढे, प्रसादाचा घास उचलला आणि सुनेच्या तोंडाशी नेला. भाभी पाया पडून रडायला लागली. "माझे उपास तोडू नका. दोनच महिने राहिले." दादीसांनी ऐकलं नाही. घास भरवला.

घास तोंडात असताना भाभीनं आईकडे पाहिलं. आई उपासाबद्दल कोणाशी एक शब्दही बोलली नव्हती, शब्द तिनं पाळला होता. पण भाभीला सगळं कळलं होतं. इतक्या तिरस्कारानं आमच्याकडे तोवर कोणी पाहिलं नव्हतं, कपाच्या खिडकीतूनसुद्धा नाही.

त्या दिवसापासून तिचे सगळे वार बंद झाले. डॉक्टर आला, शक्तीची औषधं आली, आणि दादीसांनी नियम केला की धाकटी सून रोज दुपारी खाली, त्यांच्या समोर बसून, त्यांच्या आधी जेवेल. हवेलीच्या इतिहासात सून आधी आणि सासूची सासू मागून, हे पहिल्यांदाच. वर्षभरात भाभीचा चेहरा भरला. आईचं काम सुटलं नाही, उलट दादीसांनी स्वतःचे कपडेही तिच्याकडे टाकले. पण भाभी आईकडे पुन्हा कधी शिवायला आली नाही. तिचं कापड रिक्षानं सीताबर्डीला जायचं, एका लेडीज टेलरकडे. आईला ती दिसली की आई घरी येऊन सांगायची, "खांद्यात ओढून राहिलं तिचं ब्लाऊज. कोण शिवते काय माहीत." एवढंच. पिवळी पट्टी मात्र तिनं खिळ्यावरून काढली नाही.

आणि भाभीला मूल झालं नाही. पुढेही नाही.

हे आईच्या जिवाला लागलं. वर्षं गेली, मी शिक्षिका झाले, आम्ही गल्ली सोडून शहराच्या टोकाला, वाडीकडे राहायला गेलो, आईचे डोळे अधू झाले. तरी हवेलीतलं कोणी भेटलं की ती आधी धाकट्या सुनेचं विचारायची. एकदा मला म्हणाली, "मी तिले दिलेला शब्द तोंडानं पाळला न् हातानं मोडला. दोन महिने थांबली असती तर?" मी तिला समजावलं की उपासानं मुलं होत नाहीत, उलट अशानं बाई जाते. ती म्हणायची, "मले माहीत हाये वं. तिले माहीत हाये का?" दोन वर्षांपूर्वी आई गेली. शेवटच्या आजारातही तिनं दोनदा विचारलं, तिनं मले माफ केलं असन का वं? मी म्हटलं, केलं असेल. मी काही भाभीला भेटले नव्हते. आईला बरं वाटावं म्हणून म्हटलं.

तर त्या दिवशी मी भांडी ओळीत, सावलीत उभी राहून डोळे पुसत होते, आणि शेजारून आवाज आला, "तूच ना वं?" साठीची बाई, सुती साडी, केस पांढरे, अंगानं भरलेली. मी ओळखलं नाही आधी. मग ती म्हणाली, "ते मधलं गुलाबी माझ्या सासूचं," आणि मी तिचा हात धरला.

तीही बघायलाच आली होती. नवरा गेलेला, घराच्या वाटण्या झालेल्या, पुतणे पुण्याला. ती रामदासपेठेत एका फ्लॅटमध्ये एकटी राहत होती. आम्ही दोघी धुळीत उभ्या राहून तिन्ही स्वयंपाकघरांकडे पाहत होतो. "इथून पाह्यलं तर किती जवळ जवळ हायेत," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मावशी?"

"गेली. दोन वर्षं झाली."

तिनं ऑटो थांबवला. "चल, जेवून जा," म्हणाली, आणि विचारलं नाही, बसवलंच.

फ्लॅट लहान, स्वच्छ. स्वयंपाक तिनं सकाळीच केला होता. ती फुलके गरम करायला लागली आणि मी ओट्याशी उभी राहिले. मला पोटात धरून ठेवणं जमत नाही. मी सरळ सांगितलं, "आई शेवटपर्यंत विचारत होती, तुम्ही तिला माफ केलं का म्हणून."

तिनं गॅस बारीक केला. "नाही केलं. लय वर्षं नाही केलं. मले वाटे, ते दोन महिने निघाले असते तर झालं असतं. तुझ्या मायनं माझं लेकरू नेलं, असं मी मनात म्हणे. तिले जिन्यात पाह्यलं की तोंड फिरवून घे."

"मग?"

"मग दादीसा गेल्या. इतकी वर्षं त्यायनं मले समोर बसवून जेवू घातलं होतं. तेराव्यानंतर पहिल्या दिवशी दुपारी मी एकटी ताटावर बसली. कोणी पाहणारं नव्हतं. उपास धरला असता तर कोणाले कळलं नसतं." तिनं फुलका उलटवला. "आन् मले भूक लागली होती. मी जेवली. पोटभर जेवली. तेव्हा मले मावशीची आठवण आली. त्याच दिवशी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती मी."

मी विचारलं, "आत का नाही आलात?"

"लाज वाटली. काय सांगणार होती? इतक्या वर्षांनी? म्हटलं, उद्या येईन. मग तुम्ही गल्ली सोडली."

मला तिचा राग आला, खोटं कशाला बोलू. एक उंबरा ओलांडायचा होता. आई तेव्हा घरातच असणार, मशीनवर. ते एक वाक्य ऐकून ती उरलेली वर्षं सुखानं जगली असती. मी हे बोलले नाही, पण ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "हो. चुकली मी."

तिनं दोन ताटं वाढली. सारखीच ताटं, सारख्याच वाट्या. मी ते पाहिलं. गट्ट्याची भाजी, वरण, कैरीची चटणी, भात. आम्ही समोरासमोर बसलो. मी घास घेतला नाही. मी तिच्या ताटाकडेच पाहत होते, आणि पाहते आहे हे मला कळतही नव्हतं. तिनं पहिला फुलका मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला, सावकाश चावला. मग मान वर केली.

"पाह्य," ती म्हणाली. "मावशीसाठी पाहून घे."

मी पाहिलं. तिनं तीन फुलके खाल्ले आणि वर वाटीभर भात.